नाही म्हणणारा कागद

फौजेचं काम म्हणजे बेळगाव, ही आमच्या निपाणी भागातली पक्की समजूत. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर तिथं १९२२ पासून आहे. मामांचे कागदही तिथंच सापडतील, असं घरच्यांनी मला ठणकावून सांगितलं. तिथं गेल्यावर कळलं की ज्याची कोअर, त्याचं रेकॉर्ड ऑफिस. मामांची कोअर वेगळी आणि तिचं रेकॉर्ड ऑफिस परराज्यात.

मामा भरती झाले तेव्हा धडधाकट होते. काही वर्षांनी फिट येऊ लागल्या, मेडिकल बोर्ड बसलं, नोकरी संपली. गावात म्हणतात तसे ते ‘बोर्ड होऊन आले’. अपंगत्व पेन्शन नामंजूर झाली आणि पुढचं आयुष्य तंबाखूच्या वखारीत गेलं.

माहिती अधिकारात अर्ज टाकला. उत्तर आलं: पेन्शन नसलेल्या जवानाची कागदपत्रं २५ वर्षांनी नियमाप्रमाणे नष्ट केली जातात, तशी ती केली आहेत, फक्त लाँग रोल शिल्लक आहे. लाँग रोल म्हणजे रजिस्टरातली त्रोटक नोंद. आजाराचा तपशील त्यात कुठून असणार? माझं अवसानच गळालं.

वकिलांनी मात्र भलतंच विचारलं, “नामंजुरीचं पत्र ठेवलंय का?”

मामांच्या लोखंडी ट्रंकेत, डिस्चार्ज बुकाखाली ते निघालं. घडीवर विरलेलं, डांबरगोळ्यांचा वास मारणारं, इंग्रजीत टाइप केलेलं. मामा म्हणाले, “आरं, त्यो कशाला बघतोस? त्यात न्हाईच म्हटलंय.”

नाहीच म्हटलं होतं, पण नाही म्हणताना लिहिलं होतं की अपंगत्व २० टक्के आहे, मात्र आजार सेवेमुळे झालेला नाही की सेवेमुळे बळावलेलाही नाही. म्हणजे आजार कोणता आणि किती, हे सरकारनंच लिहून दिलेलं. वाद उरला तो कारणाचा. तिथं अपंगत्व पेन्शनचे १९८२ चे नियम मामांच्या बाजूचे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असं धरायचं, आणि उलट सिद्ध करण्याचा भार जवानावर नाही. धर्मवीर सिंग यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये हेच सांगितलं. त्यांचाही आजार फिटचाच, टक्केही २०. कागद जळले म्हणून केस आपोआप जिंकता येते असं मुळीच नाही, हे वकिलांनी बजावलंच. पण त्या पत्राशिवाय आमच्याकडे बोलायलाही काही नव्हतं.

मग दाद मागायची कुठं? सशस्त्र दल न्यायाधिकरणात. कोगनोळी नाका ओलांडून मामा कागलला राहत असते तर मुंबई. निपाणीत राहतात, म्हणजे कर्नाटक, आणि कर्नाटकातली प्रकरणं कोचीच्या पीठाकडे. सीमाभागातल्या माणसाला असल्या गमतीची सवय असते, तरी कोची ऐकून मामीनं कपाळावर हात मारला. विलंब माफीच्या अर्जासह प्रकरण आता तिथं दाखल आहे.

तुमच्या घरी असा बोर्ड होऊन आलेला कुणी असेल, तर डिस्चार्ज बुक आणि नामंजुरीचं पत्र रद्दीत घालू नका, दोन्हींच्या झेरॉक्स काढून ठेवा. आणि उशीर करू नका: इतक्या वर्षांनी निकाल बाजूनं लागला, तरी थकबाकी साधारणपणे अर्जाआधीच्या ३ वर्षांचीच मिळते.