पॉलिसीधारकांना फोन द्या

तोटा विकून नफा कमावणारे गाव म्हणजे आमचे तेरखेडा. तोटा म्हणजे व्यापारातला नव्हे; वात पेटवून चार पावले मागे पळावे लागते तो, कानठळ्या बसवणारा फटाका. सोलापूरहून धुळ्याकडे जाणाऱ्या हमरस्त्याने येरमाळा मागे टाकले आणि फटाक्यांच्या दुकानांच्या पाट्या दिसू लागल्या, की समजावे तेरखेडा आले. तालुका वाशी. ही वाशी मुंबईच्या खाडीपलीकडची नव्हे, हे आम्हाला दर खेपेला सांगावे लागते. दिवाळीला, लग्नसराईला आणि निवडणुकीच्या निकालाला आसपासचा मुलूख जो आवाज ऐकतो, त्यातला बराचसा आमच्या गावात कागदात गुंडाळलेला असतो.

अशा गावात विम्याच्या एजंटाला फार घसा कोरडा करावा लागत नाही. एका ठिणगीने काय होते ते पुस्तकात वाचावे लागत नाही इथे. त्यामुळे विमा उतरवणे ही आमच्याकडे चैन नव्हे, ती सवय आहे.

तसा विमा हा मोठा मौजेचा व्यवहार. बाजारात वांगी घेतली तर पैसे देता देताच वांगी पिशवीत पडतात. विम्यात पैसे आज द्यायचे आणि माल पुढे केव्हातरी. शिवाय तो माल घेण्याची वेळ कधी न येवो, अशी देवाजवळ प्रार्थना करायची! म्हणजे हाती येतो तो फक्त एक शब्द. ‘तुमच्यावर वाईट वेळ आली तर आम्ही आहोत.’ हा शब्द पाळणारे आहेत की नाहीत, हे अपघाताच्या वेळी कळते असे लोक समजतात. माझा अनुभव निराळा आहे. पॉलिसीवरचे एक नाव बदलून पाहावे, एवढ्यानेही कळते.

यंदा मृगाचा पाऊस पडला त्याच आठवड्यात आमचे दादा गेले. रात्री जेवून झोपले ते उठलेच नाहीत. दादा माझे थोरले बंधू. गावात त्यांचे फटाक्यांचे लहानसे दुकान, आणि दाराशी एक पांढरी मोटार. दारूकामाच्या गावात जन्म गेलेला माणूस जसा ठिणगीला जपतो, तसे दादा मोटार हाकताना रस्त्याला जपत. हमरस्त्यावर मालमोटारी, बसगाड्या, उसाचे ट्रॅक्टरसुद्धा त्यांना मागे टाकून जात. वहिनी मागच्या आसनावरून म्हणायच्या, “अहो, जरा चालवा. लोक पायी पुढे निघालेत.” दादा नुसते हसत.

दादांच्या मागे ती मोटार ठेवायची की विकायची, हा प्रश्नच नव्हता. वहिनींचे उपचार बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात चालू आहेत. दर तीन आठवड्यांनी त्यांना न्यावे लागते, आणि येताना त्यांना धड बसवतही नाही. मागच्या आसनावर उशी घेऊन आडवे व्हावे लागते. एस. टी. ने हे होणारे काम नव्हे. तेव्हा मोटार हवी, आणि मोटार हवी तर तिचा विमा हवा. इतरांच्या नुकसानीचा विमा असल्याशिवाय मोटार रस्त्यावर आणायची नाही, असे मोटार वाहन कायद्याचे १४६ वे कलम सांगते. कायदा राहू द्या. उद्या आमच्या हातून कुणा वाटसरूला धक्का लागला आणि कंपनीने कानावर हात ठेवले, तर त्या बिचाऱ्याने कुणाकडे पाहावे?

सरकारी कामाची सर्वांना धास्ती असते. तिथे मालक मरण पावल्यास तीस दिवसांत कळवायचे आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून वारसाचे नाव लावून घ्यायचे, असा नियम आहे. ते काम पुतण्याने पुण्याहून रजा काढून केले, आणि नोंदणीपुस्तकावर वहिनींचे नाव लागले. आता राहिली विमा कंपनी. तिचे नाव सांगत नाही. आडनाव बदलले तरी गोत्र तेच असावे, अशी मला शंका आहे.

पॉलिसी बारीक अक्षरांची असते म्हणून कुणी वाचत नाही. मी जन्मभर शाळामास्तर. बारीक अक्षर दिसले की चष्मा आपोआप नाकावर येतो. शेवटच्या पानांत एक अट सापडली. विमेदार मरण पावला तर पॉलिसी तात्काळ बंद पडत नाही. मृत्यूच्या दिवसापासून तीन महिने, किंवा तिची मुदत त्याआधी संपत असेल तर तोवर, ती जिवंत राहते. तेवढ्या अवधीत वारसाने मृत्यूचा दाखला, मालकीचा पुरावा आणि मूळ पॉलिसी घेऊन अर्ज करावा. ती वाचून मला बरे वाटले. ज्याने ही अट लिहिली त्याला घरातले सुतक माहीत असले पाहिजे. पहिले काही दिवस कुणाला काही सुचत नाही, हे ओळखून त्याने तीन महिने दिले होते.

मी कंपनीला फोन लावला. यंत्रातल्या बाईने माझा फोन त्यांच्यासाठी किती मोलाचा आहे हे तीनदा सांगितले आणि त्या मोलाच्या फोनला पंचवीस मिनिटे सनई ऐकवली. मराठीसाठी तीनचा आकडा दाबायचा होता. तो दाबल्यावर एक तरुण हिंदीत बोलू लागला. पण मुलगा गोड होता, मोडकेतोडके मराठी बोलायला तयार झाला.

“सर, सुरक्षेसाठी पॉलिसीधारकांशी बोलावे लागेल. त्यांना फोन द्या.”

“ते गेले हो.”

“ठीक आहे सर. परत कधी येतील?”

यावर काय बोलावे? आपल्या भाषेने मरणाला मऊ शब्द दिले ते ऐकणाऱ्याला दुखू नये म्हणून. समोर ऐकणाराच नसेल तर त्या मऊपणाचे हसे होते. मी स्पष्ट सांगितले, “वारले. मरण पावले.” पलीकडे जरा थांबल्यासारखे वाटले. मग कागदावरून वाचल्यासारखा आवाज आला, “समजलो सर. खातरजमेसाठी त्यांच्या मोबाईलवर एक ओटीपी पाठवला आहे. त्यांना विचारून सांगा.”

इतक्यात आतून वहिनी आल्या. दादांचा फोन त्यांनी बंद करू दिला नव्हता. देवघराशेजारच्या फळीवर ठेवून रोज त्याची बॅटरी भरत. तो फोन दोन्ही हातांत धरून त्या दारात उभ्या राहिल्या. “भाऊजी, ह्यांच्या फोनवर काहीतरी आलंय.”

ते सहा आकडे मी वाचून दाखवले. खातरजमा झाली म्हणून त्या मुलाने दादांचे आभार मानले. शिवाय संध्याकाळी दादांच्या फोनवर निरोप आला, की आजच्या सेवेला आपण पाचपैकी किती तारे द्याल?

दुसऱ्या खेपेला निराळा मुलगा, निराळी अडचण. पॉलिसीवर जिल्हा उस्मानाबाद आणि मृत्यूच्या दाखल्यावर धाराशिव! “सर, दोन वेगळे पत्ते दिसतात. पत्ता बदलल्याचा पुरावा पाठवा.” मी म्हटले, “बाळ, आम्ही कुठेही गेलो नाही. घर तेच, उंबरा तोच. जिल्ह्याचे नाव बदलले.” निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून उस्मानाबाद झाले होते, २०२३ साली सरकारने पुन्हा धाराशिव केले, हा सारा इतिहास मी त्याला सांगितला. तो शांतपणे ऐकून म्हणाला, “सर, यादीत धाराशिव येत नाही.” यादीत तेरखेडाही येत नव्हते. तेर येत होते. तेर म्हणजे गोरोबाकाकांचे तेर, पूर्वीचे तगर, ज्याचा माल रोमपर्यंत जात असे ते. गाव थोर खरे, पण आमचे नव्हे. “तेर टाकू का सर? जवळच असेल ना!”

तिसऱ्या मुलाने तर नवीच गोष्ट काढली. दादांनी पाच वर्षांवर एकदाही नुकसानभरपाई मागितली नव्हती. अशा माणसाला मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात सूट मिळते. नो क्लेम बोनस म्हणतात तो. पहिल्या वर्षी वीस टक्के, पुढे चढत चढत ओळीने पाच वर्षे झाली की पन्नास टक्के. “मालक बदलला सर. बोनस गेला. फरकाचे पैसे भरा.” मी वहिनींना हे सांगितले तेव्हा त्या पैशाबद्दल काही बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “म्हणजे त्यांचं जपून चालवणं त्यांच्याबरोबरच संपलं म्हणायचं.”

शाखेत येऊन भेटू का, असे मी दर खेपेला विचारीत होतो. दर खेपेला उत्तर येई, गरज नाही सर, सर्व सेवा घरबसल्या. घर बसायची वेळ आली, तेव्हा मी दोन गोष्टी केल्या. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला सारी हकीकत तारीखवार लिहून पाठवली. वाचकांनी ध्यानात ठेवावे, की कंपनीने महिनाभरात दाद दिली नाही, किंवा दिलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. त्याची कचेरी पुण्यात आहे, आणि तिथे एक पैसाही फी लागत नाही. पण आमच्या तीन महिन्यांतले दिवस गळत होते. म्हणून पोळ्याच्या सुमारास कागदांची पिशवी घेऊन मी सरळ सोलापूरची गाडी पकडली.

कंपनीची शाखा दुसऱ्या मजल्यावर होती. आत टेबले बरीच, माणसे थोडी. कोपऱ्यात एक वयस्क गृहस्थ बसले होते. निवृत्तीला फार दिवस उरले नसावेत. मी पिशवी उघडली आणि आता पाठ झालेली कथा सुरू केली. त्यांनी मृत्यूचा दाखला हातात घेतला, तारीख पाहिली, बोटांवर काहीतरी मोजले आणि विचारले, “किती दिवस उरले? अकरा?”

दोन महिन्यांहून अधिक काळात हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला होता. मी मान हलवली.

“मग आजच करून टाकू. बसा. पाणी घ्या.”

धाराशिव आणि उस्मानाबाद हे त्यांना समजावावे लागले नाही. त्यांनी जुन्या नावानेच यादीतला जिल्हा निवडला आणि पत्त्याच्या ओळीत तेरखेडा, तालुका वाशी, असे स्वतः टंकले. बदलाची फी म्हणून पन्नास रुपये आणि वर कर घेतला. मी भीतभीत बोनसाचे विचारले. “फरक किती भरायचा?”

“कसला फरक?” ते चमकून म्हणाले. “विकत घेणाऱ्याला तो नियम. इथे मालक वारले आणि मोटार पत्नीकडे आली. नवरा, बायको, मुले, आईबाप यांच्याकडे वारशाने गाडी आली, तर बोनसही त्यांच्याकडे जातो. पूर्वीपासूनचा नियम आहे.”

अर्ध्या तासात एन्डॉर्समेंटचा कागद माझ्या हातात पडला. मी जिना उतरलो तेव्हा मला आनंदापेक्षा नवल अधिक वाटत होते. म्हणजे कुणीतरी, केव्हातरी, हे सारे विचारपूर्वक लिहून ठेवले होते! घरचा माणूस गेला तर बायकोला तीन महिने सवड द्यावी, त्याने जपून चालवलेल्या वर्षांचे फळ तिला मिळावे. नियमात पुरेपूर माणुसकी होती. फक्त फोनवर बसवलेल्या त्या पोरांना ती कुणी शिकवली नव्हती. त्यांच्यापुढे प्रश्नांची एक यादी टाकलेली असते, आणि मरण त्या यादीत नसते. मी त्या पोरांना दोष देत नाही. माझ्या वर्गातली पोरे असावीत तशीच ती. पण ज्यांचा धंदाच माणसाच्या वाईट वेळेवर उभा आहे, त्यांनी ‘ते गेले’ हे दोन शब्द ऐकायला तरी आपल्या माणसांना शिकवावे, एवढी अपेक्षा फार नसावी. शिवाय आमच्यासारख्याला सोलापूर गाठता येते. ज्या बाईला दीर नाही, पुतण्या नाही, बारीक अक्षर वाचता येत नाही, तिचे तीन महिने सनई ऐकण्यातच संपून जात असतील.

वाचकांच्या घरी मोटार असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत तिची पॉलिसी एकदा बाहेर काढावी. नावे, पत्ता आणि नामनिर्देशन पाहून घ्यावे, आणि पॉलिसी कुठे ठेवली आहे हे घरच्या बाईमाणसाला सांगून ठेवावे. हे बोलणे अशुभ नाही. दारूकामाच्या गावात आम्ही पाण्याच्या बादल्या भरून ठेवतो, त्याला कुणी अशुभ म्हणत नाही.

घरी येऊन वहिनींना कागद दाखवला आणि बोनसाचे सांगितले. त्यांनी तो दोनदा वाचला आणि दादांच्या फोनशेजारी फळीवर ठेवला. पुढच्याच आठवड्यात बार्शीची खेप होती. येरमाळ्याहून बार्शीच्या रस्त्याला लागलो, रस्ता मोकळा होता, आणि उन्हाच्या आत पोहोचावे म्हणून मी जरा वेग वाढवला. वहिनी मागे उशीवर डोके टेकून पडल्या होत्या. झोप लागली असेल असे मला वाटले.

“भाऊजी, हळू घ्या,” मागून आवाज आला. “त्यांचा बोनस मोडेल.”