दोन नागठाणे

साताऱ्याहून कराडकडे निघालं की हायवेला नागठाणे लागतं. ते माझं आजोळ. आजी सांगायची, "बालगंधर्व आपल्या नागठाण्याचे." इतक्या ठामपणे सांगायची की कुणी कधी तपासून बघितलं नाही. तिनं त्यांना पाहिलेलं नव्हतं. रेडिओवर ऐकलं होतं, तेवढंच. पण मे महिन्याच्या सुट्टीत मी तिच्या जुन्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घेऊन पडवीत नाटक करायला लागलो की ती कानशिलावर बोटं मोडायची आणि म्हणायची, "गावाचा गुण हाय."

मी एस.वाय.ला होतो तेव्हा आमची एकांकिका सांगलीच्या एका स्पर्धेत अंतिम फेरीला पोचली. सकाळी अकराला आम्ही नाट्यगृहामागे सेट उतरवत होतो आणि मामाचा फोन आला. आजी पहाटे गेली होती. दुपारी तीनपर्यंत वाट बघतो, म्हणाला. आमचा प्रयोग पाचला होता. सांगलीहून आष्टा, इस्लामपूर, पेठ नाका आणि मग हायवे. लगेच निघालो असतो तर पोचलो असतो.

आमचा दिग्दर्शक माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. तो ओरडला नाही, अडवलं नाही. खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाला, "बालगंधर्वांची मुलगी गेली त्या दिवशी 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता. त्यांनी केला. पण तू ठरव."

मी ठरवलं. प्रयोग केला. आम्हाला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. रात्री साडेदहाला नागठाण्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा चुलत्यांनी मिशी काढलेली होती, पडवीत पणती लावलेली होती. माझ्या पापण्यांवर मेकअप तसाच होता. आईनं एकच विचारलं, "जेवलास?"

ह्याला सात वर्षं झाली. त्यानंतर मी बालगंधर्वांबद्दल मिळेल ते वाचत गेलो. नाटकाच्या प्रेमापोटी नाही. ज्या गोष्टीच्या भरवशावर मी आजीला शेवटचं पाहिलं नाही, ती गोष्ट नीट बघून घ्यायची होती.

पहिलाच धक्का गावाचा. बालगंधर्वांचं नागठाणे आमचं नव्हेच. ते सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात, कृष्णेच्या काठावर. भिलवडी-औदुंबरच्या पट्ट्यातलं. आजीची चूक अगदीच निराधार मात्र नव्हती. आज आपण ज्याला सांगली जिल्हा म्हणतो तो १९४९मध्ये 'दक्षिण सातारा' म्हणून वेगळा झाला आणि १९६०मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. आजीच्या लहानपणी सातारा आणि दक्षिण सातारा ह्यांत फरक करायची गरज कुणाला पडली असेल? कुणीतरी नागठाणे म्हटलं असणार आणि तिनं ते आपलं धरलं असणार.

दुसरा धक्का वयाचा. आपल्या डोक्यातले बालगंधर्व म्हणजे शालू नेसलेला, नाकात नथ घातलेला एक फोटो, नाहीतर २०११च्या चित्रपटातले सुबोध भावे. त्यांना वयच नसतं. पण नारायण श्रीपाद राजहंस ह्या मुलाचा जन्म २६ जून १८८८चा. तो दहा-अकरा वर्षांचा असताना पुण्यात त्याचं गाणं ऐकून टिळकांनी त्याला 'बालगंधर्व' म्हटलं, असं सगळे सांगतात. एवढ्या लहानपणी एवढं मोठं नाव मिळणं हे भाग्य की ओझं, हे मला अजून कळलेलं नाही. एवढं खरं की १९६७ साली, एकोणऐंशीव्या वर्षी पुण्यात त्यांचं निधन झालं तेव्हाही नावातला 'बाल' तसाच होता.

नाव मिळालं म्हणून तो लगेच नट झाला नाही. मधल्या वर्षांत तो फक्त गोड गळ्याचा मुलगा होता, आणि त्याच्या कानाला दुखणं होतं. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याला उपचारांसाठी मिरजेला पाठवलं. मिरजेत तेव्हा किर्लोस्कर नाटक मंडळीचा मुक्काम होता. मंडळीवर वाईट दिवस आले होते. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५मध्येच गेले होते, आणि ज्यांच्या गळ्यावर मंडळी चालली ते भाऊराव कोल्हटकर १९०१मध्ये गेले. नायिका उभी करेल असा गळा त्यांना हवा होता. आणि तो गळा कानाच्या औषधासाठी मिरजेत येऊन राहिला होता.

मला ही जागा फार आवडते. मागून पाहिलं की सगळं आधीच ठरल्यासारखं दिसतं. त्या दिवसांत मात्र तिथं काय होतं? कान दुखणारा एक पोरगा आणि नायिका शोधणारी एक कंपनी. पोरगा दुसऱ्या गावी उपचाराला गेला असता तर?

आणि हो म्हणणं सोपं नव्हतं. तेव्हा लोक नाटकवाल्यांना टाळ्या देत, पण घरातल्या मुलानं नाटकात जाणं वेगळं. त्यातून बायकांची कामं करायची. तरी तो गेला. मंडळीत जाणं म्हणजे काय, ते मुंबईत तिघांत एक खोली घेऊन ऑडिशनच्या लिंकची वाट बघणाऱ्या माझ्या मित्रांना सांगितलं की ते गप्प होतात. मंडळीत राहायला बिऱ्हाड, दोन वेळचं जेवण, रोजची तालीम. आणि शिकवायला गोविंद बल्लाळ देवल. सांगलीजवळच्या हरिपूरचे, ज्यांनी १८९९मध्ये 'शारदा' रंगभूमीवर आणलं, ते देवल. ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३मध्ये 'सीतास्वयंवर' केलं, त्या परिसरात नाटक शिकवणारी माणसं तयार झाली होती. गळा नारायणाचा, पण पदर कसा सावरायचा, वाक्य कुठं तोडायचं, हे कुणीतरी शिकवावंच लागतं.

१९०५मध्ये मिरजेलाच तो पहिल्यांदा शकुंतला म्हणून उभा राहिला. वय सतरा. हंसप्रभा थिएटर होतं त्या जागी आज बालगंधर्व नाट्यमंदिर आहे. मी एकदा दुपारी तिथं गेलो होतो. प्रयोग नव्हता. पायरीवर बसून मी सतरा वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. मला दिसला तो आमच्या कॉलेजमधला, एन्ट्रीच्या आधी तीनदा बाथरूमला जाणारा मी.

मग 'मानापमान'. १२ मार्च १९११, मुंबई. खाडिलकरांचं नवं नाटक, गोविंदराव टेंब्यांच्या चाली. धैर्यधर नानासाहेब जोगळेकर, लक्ष्मीधर गणपतराव बोडस, आणि भामिनी नारायणराव. त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग पुढे ढकलू या, असं सुचवलं गेलं. त्यांनी नको म्हटलं. प्रयोग झाला आणि नाटक डोक्यावर घेतलं गेलं.

आम्हाला सांगितली जाते ती गोष्ट इथं संपते. गोष्ट खरी आहे, तिच्यात खोट नाही. पण मी हिशेब केला. मार्च १९११मध्ये ते बावीस वर्षांचे होते. बावीस! माझ्या दिग्दर्शकापेक्षाही एक वर्षानं लहान. आणि त्या दिवशी नाट्यगृहाबाहेर एक घर होतं. त्या घरात लक्ष्मीबाई होत्या, त्यांची बायको, त्या मुलीची आई. रंगमंचावरच्या भामिनीबद्दल पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. त्या संध्याकाळी लक्ष्मीबाई काय करत होत्या, त्यांच्यापाशी कोण बसलं होतं, हे मला कुठंच वाचायला मिळालं नाही. त्यांना कुणी विचारलं असेल का, "जेवलीस?"

मी त्यांना दोष देत नाही. तो अधिकार मला नाही. त्यांच्यावर एक अख्खी मंडळी उभी होती. साजिंदे, आचारी, पडदे ओढणारे, त्यांची घरं. नायिका उभी राहिली नाही तर त्या दिवशीचा पडदाच वर गेला नसता. त्यांनी निवड केली आणि तिची किंमत आपल्या पदरची मोजली. दोन वर्षांनी, १९१३मध्ये, बोडस आणि टेंबे ह्यांच्यासोबत त्यांनी स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढली, तेव्हा वय पंचवीस. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. भरजरी शालू, अत्तर, कर्ज, आणि तरीही न थांबणं.

माझ्यावर कोण उभं होतं? चाळीस मिनिटांची एकांकिका, नऊ पोरं, भाड्याचा टेम्पो. माझी भूमिका आमच्या बॅकस्टेजच्या एका पोराला तोंडपाठ होती. हे मला त्या दिवशीही माहीत होतं. म्हणून आता कबूल करून टाकतो. दिग्दर्शकानं मला अडकवलं नाही. बालगंधर्वांनीही नाही. मला तो प्रयोग करायचा होता. जीव जाईल इतका करायचा होता. फक्त तसं म्हणायची लाज वाटत होती. मला परवानगी हवी होती आणि ती मी एका मोठ्या माणसाच्या दुःखाच्या नावावर घेतली.

थोरांच्या गोष्टींचं हेच होतं. त्या घडतात एकाच्या आयुष्यात आणि वापरल्या जातात दुसऱ्याच्या. पुढच्या कुणा पोराला फोन आला आणि त्यानं मला विचारलं, तर मी 'मानापमान' सांगणार नाही. मी विचारेन, तुला काय करायचंय? जे करशील ते तुझ्या नावावर कर.

गेल्या दिवाळीनंतर मी त्या दुसऱ्या नागठाण्याला जाऊन आलो. दोन्ही बाजूंनी ऊस, तोडीला आलेला, रस्त्यावर ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या. पारावर एक म्हातारे बसले होते. कुठून आलास, म्हणाले. मी म्हटलं, नागठाण्याहून. ते हसले. "मग हे काय हाय?"

मी सांगितलं, साताऱ्याकडचं. तिथली माझी आजी म्हणायची, बालगंधर्व आमचे.

त्यांनी तंबाखू मळता मळता थोडा विचार केला. मग म्हणाले, "असू दे की. बोलव तिला एकदा, दाखवू गाव."

मी हो म्हटलं.