नेम

आमच्या घरात नेमाची माणसं फार. अण्णांचा हरिपाठ कधी चुकत नाही आणि तुळशीला पाणी घातल्याशिवाय आई चहाला तोंड लावत नाही. २०१८च्या मृगापासून त्यात माझ्या एका नेमाची भर पडली. रोज सकाळी विहिरीचा एक फोटो काढायचा.

निमित्त अगदी साधं. पुण्यात शिकणाऱ्या लेकीनं तिचा जुना मोबाईल मला दिला आणि बजावलं, "बाबा, यात रोज एक तरी फोटो काढा, नाहीतर हा कपाटात धूळ खात पडायचा." आता रोज फोटो कशाचा काढायचा? माणसाचा काढावा तर माणूस केस विंचरून येतो. पिकाचा काढावा तर पीक चार महिन्यांत रान सोडतं. विहीर मात्र पणजोबांनी खोदली तेव्हापासून जागची हललेली नाही. सात परस खोल, उतरायला चोवीस दगडी पायऱ्या, त्याखाली नुसता कातळ.

धार काढून दूध डेअरीला घातलं की शाळेत जायच्या आधी विहिरीवर जायचं. जुन्या मोटेच्या थारोळ्यावर उभं राहायचं. फोटो एकच काढायचा. हलला, अंधारा आला, मध्येच शेळी आली, तरी पुसायचा नाही. एवढेच नियम.

पहिले पंधरा दिवस हौसेचे. नंतर कंटाळा सुरू झाला. तीच विहीर, तोच दगड, तेच पारव्यांचं घर. रानातून येणारी-जाणारी माणसं हसायची. "काय गुरुजी, इहिरीचं लगीन ठरलंय का? रोज फोटू काढायलाव!" मीही हसून म्हणायचो, "स्थळ आलंय, पाठवायचाय." कोणी काही म्हणो, दोन मिनिटांचं तर काम. पण ते दोन मिनिटांचं काम रोज करणं किती अवघड असतं, ते ज्यानं कुठला तरी नेम धरलाय त्यालाच कळेल. ताप असला तरी उठायचं. पावसात छत्री एका हातात, मोबाईल दुसऱ्या हातात.

ऑगस्टात तीन दिवस तालुक्याला प्रशिक्षण लागलं. कारभारणीला म्हटलं, "तेवढे तीन फोटो तू काढ." आल्यावर बघतो तर विहीर ओळखू येईना. ती थारोळ्यावर गेलीच नव्हती. बायका पाणी शेंदायला जिथं उभ्या राहतात तिथून तिनं फोटो घेतले होते. त्या बाजूच्या दगडाला चऱ्हाटानं पडलेल्या खाचा आहेत, बोटभर खोल. रहाट बसायच्या आधी आजीनं, पणजीनं किती पाणी ओढलं असेल, त्याचा हिशेब त्या दगडावर होता. मी म्हटलं, "थारोळ्यावरनं का नाही काढलेस?" ती म्हणाली, "माझी इहीर इकडून दिसती." ते तीन फोटो तसेच ठेवलेत.

त्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं. परतीचा पाऊस आलाच नाही. ऑक्टोबरच्या ३१ तारखेला सरकारनं १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचाही होता. दिवाळीला पाणी तेराव्या पायरीवर होतं. एरवी आम्ही "पाणी हटलं" एवढंच म्हणतो. कधी हटलं, किती हटलं, हे कोणी सांगू शकत नाही, कारण रोज बघणाऱ्याला ते हटताना दिसतच नाही. फोटोत मात्र पायऱ्या मोजता यायच्या.

संक्रांतीनंतर वरच्या रानात चुलतभावानं, आबानं, बोअर घेतला. चारशे फुटांवर पाणी लागलं. त्याच्याकडं पेढे वाटले आणि आमच्या ओसरीवर शांतता पसरली. महाशिवरात्रीपर्यंत आमच्या विहिरीच्या चोवीसही पायऱ्या उघड्या पडल्या. अण्णा म्हणाले, "आबाच्या बोअरनं आपली इहीर पिली." भावकीत अशी गोष्ट एकदा तोंडातून गेली की ती दोन पिढ्या चालते. बोलणं बंद, लग्नाच्या पत्रिका बंद, बांधावरची वाट बंद. अण्णांनी तर तहसीलला अर्ज द्यायचं मनावर घेतलं आणि मला म्हणाले, "तुझ्याकडं फोटू हायेत ना? तेच पुरावा."

रात्री मोबाईल घेऊन दोघं बसलो. दिवाळीपासून एकेक फोटो सरकवत गेलो. अण्णांनी पाटीवर खडूनं रेघा ओढल्या. एक पायरी उघडी पडायला किती दिवस लागले? नऊ. पुढची? आठ. त्याच्या पुढची? नऊ. बोअरच्या आधीचं असं झालं. मग बोअर घेतल्यानंतरच्या तीन पायऱ्या मोजल्या. नऊ, दहा, नऊ. अण्णांनी चष्मा पुसला आणि परत पहिल्यापासून मोजलं. आकडे तेच आले. आमची विहीर वरच्या मुरमातल्या पाझरावर चालते. आबाचं पाणी खोल कातळातल्या चिरेतलं. सगळीकडं असंच असतं असं नाही. कितीतरी गावांत बोअरनी विहिरी आटवल्या आहेत. पण आमच्या विहिरीनं बोअरच्या आधीच जो वेग धरला होता, तोच नंतर ठेवला होता. पुरावा होता खरा, पण तो आबाच्या बाजूचा निघाला.

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पाटी पुसली आणि म्हणाले, "उद्या सकाळच्याला आबाला च्याला बोलाव."

पाडव्यानंतर विहिरीनं तळ गाठला. गावात टँकर सुरू झाला, जनावरं छावणीला गेली. आता कोरड्या खड्ड्याचा काय फोटो काढायचा? सकाळी पाय उचलेना. अण्णांना तसं बोललो तर म्हणाले, "पंढरीला काय देव भेटायची खात्री आसली तरच जायचं आसतंय का?" मग गेलो. रोज गेलो. मे महिन्यातले एकतीस फोटो एकसारखे आहेत असं वरवर वाटतं. पण त्यातच तळाचा गाळ भेगाळत गेलेला दिसतो, आईच्या लग्नात आलेली आणि कधीतरी बुडालेली पितळी कळशी एका फोटोत अर्धी वर आलेली दिसते. ती काढायला उतरलो तेव्हा कळलं, गाळ कमरेएवढा आहे आणि झऱ्याचं तोंडच बुजलंय. गाळ काढायला आबाची दोन्ही पोरं आली. सहा दिवस पाट्या वर ओढत होतो. चहा त्यांच्या घरून यायचा.

लेकीनं एकदा सांगितलं, न्यूयॉर्कला जेमी लिव्हिंगस्टन नावाचा माणूस होता. १९७९च्या ३१ मार्चपासून तो रोज एक पोलरॉइड फोटो काढायचा. १९९७च्या ऑक्टोबरात तो वारला, त्या दिवसापर्यंत. सहा हजारांहून जास्त फोटो. अण्णांना हे सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "माळकरी होता का?" नाही म्हटलं. "मग नेमकरी तरी होता," म्हणाले आणि टाळ काढायला उठले.

२०१९ला पाऊस आला तो अगदी परतीला, आणि थांबेचना. विहीर नवव्या पायरीपर्यंत चढली. त्या दिवाळीतल्या एका फोटोत खाली भरलेलं पाणी आहे आणि मागं रानात काढून टाकलेलं, कोंब फुटलेलं सोयाबीन आहे. ज्या पाण्याची वर्षभर वाट पाहिली त्यानंच पीक कुजवलं. शेतकऱ्याच्या घरात हसू आणि रडू एकाच दिवशी कसं येतं, हे मला कधी कोणाला समजावून सांगता आलं नाही. आता तो फोटो दाखवतो.

हे फोटो कुठल्या प्रदर्शनात लागायच्या लायकीचे नाहीत. निम्मे तर धुरकट आहेत. पण आता दरवर्षी दिवाळीच्या पाडव्याला ओसरीवर आम्ही आणि आबाच्या घरची माणसं असे सगळे बसतो. मागच्या साऱ्या वर्षांचे त्या सुमाराचे फोटो काढून शेजारी शेजारी लावतो आणि रब्बीचं ठरवतो. पाणी अकराव्या पायरीच्या वर असलं तर गहू. खाली असलं तर हरभरा. तेराव्याच्या खाली गेलं असलं तर ज्वारी, आणि एक पाळी आबाच्या बोअरची.