टोक वितळताना

फोटॉनिक क्रिस्टलचा तंतू साध्या काचतंतूला जोडताना सगळा प्रश्न उष्णतेपाशी येऊन अडतो. ज्याच्या रचनेत प्रकाशाच्या तरंगलांबीइतक्या मापाची पुनरावृत्ती असते आणि म्हणून ठरावीक तरंगलांबीला ज्यातून वाटच मिळत नाही, अशा पदार्थाला फोटॉनिक क्रिस्टल म्हणतात. ही कल्पना एली याब्लोनोविच आणि सजीव जॉन यांनी १९८७ मध्ये स्वतंत्रपणे मांडली, आणि १९९६ मध्ये साउदॅम्प्टन येथे फिलिप रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी मधाच्या पोळ्यासारखी सूक्ष्म भोके या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा तंतू ओढून दाखवला.

कुंकवासाठी प्रसिद्ध असलेल्या केमवरून जाणाऱ्या दौंड–सोलापूर लोहमार्गालगतच्या केबलीत, इतरत्र असतो तसाच, भरीव तंतू असतो. त्याची काच १२५ मायक्रोमीटर जाडीची आणि प्रकाश वाहून नेणारा गाभा जेमतेम ९ मायक्रोमीटरचा, म्हणजे कुंकवाचा एखादा कणही सहज झाकील इतका. अशी टोके क्लीव्हरने सरळ कापून विद्युत्‌ठिणगीने एकजीव करण्यात प्रस्तुत लेखकाची उमेदीची वर्षे गेली. ओटीडीआर या तपासयंत्राच्या रेषेवर आपला जोड दिसूच नये, यातच त्याने प्रतिष्ठा मानली.

भोकांच्या तंतूत ही सवय आडवी येते. ठिणगी नेहमीची ठेवली, तर मऊ झालेल्या काचेच्या पृष्ठताणाने भोके आक्रसून मिटतात आणि प्रकाशाला धरून ठेवणारी रचना नेमकी जोडाशीच नाहीशी होते. ठिणगी कमी केली, तर भोके वाचतात, पण जोड कच्चा राहून जराशा ताणाने तुटतो. ठिणगीचा मध्य भरीव तंतूकडे सरकवणे आणि वेळ आखडणे हे उपाय या कामातल्या सर्वांना ठाऊक आहेत. तरीही भोकांचे माप बदलले की एका तंतूवर बसलेला हात दुसऱ्यावर चालत नाही.

अशाच भोकांच्या तंतूचा गाभा पोकळ ठेवला, तर त्यात प्रकाश हवेतून, काचेतल्यापेक्षा सुमारे दीडपट वेगाने जातो. परंतु फोटॉनिक क्रिस्टलच्या पोकळ तंतूत भिंतींच्या सूक्ष्म खडबडीतपणामुळे प्रकाशाचा क्षय किलोमीटरला १ डेसिबलच्या आसपासच अडून राहिला, तर भरीव तंतूत तो ०.२ इतका कमी असतो. मोजक्या पातळ नळ्यांचा प्रतिअनुनादी तंतू आता भरीव तंतूलाही मागे टाकतो, आणि लांब पल्ल्याच्या संदेशवहनाची शर्यत त्यानेच जिंकली, असे प्रस्तुत लेखकाचे खेदपूर्वक मत आहे.

नजर मंदावल्यावर त्याने हे काम शिष्येकडे सोपवले, आणि तिचे जोड त्याच्या जोडांहून कमी क्षयाचे येऊ लागले. याचे श्रेय यंत्राला देता आले असते, पण तेच यंत्र त्याच्याही हाताखाली होते. तिने केलेला जोड रेषेवर शोधताना तो आपल्याला दिसावा, अशी इच्छा त्याच्या मनात उठते, आणि ती अद्याप मावळलेली नाही.