करवंटीवरचे पिवळे पाखरू

स्मरणिकेसाठी शाळेच्या प्रगतीविषयी लिहावे, असा संपादकांचा आग्रह होता. आम्ही मात्र आमच्या एका चुकीविषयी लिहीत आहोत.

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरामागील कडुनिंबाला मुलांनी नारळाची करवंटी टांगली होती. निवडणातील ज्वारीचे दाणे, तांदळाची कणी तीत पडे. चिमण्या येत, चिमण्यांसारखीच आणखी काही भुरकी पाखरे येत. एका जूनमध्ये, शाळा उघडल्यावर, पहिल्या पावसानंतर तेथे एक अनोळखी पाखरू दिसले. माथा व छाती हळदीसारखी पिवळी, चेहरा काळपट, पाठीवर तपकिरी रेघा. वंदनेहून परतणाऱ्या मुलांनी नाव विचारले. आम्ही क्षणभरही न थांबता 'हळद्या' असे सांगितले आणि भित्तिपत्रकावर स्वाक्षरीनिशी लिहूनही टाकले. साधने तपासल्याविना निष्कर्ष काढू नये, असे इतिहासाच्या तासाला बजावणारे आम्हीच!

आठवड्याने सहावीतला एक मुलगा ताट धुता धुता हळूच म्हणाला, "सर, हळद्या दाणं टिपीत न्हाई. ही सुगरण हाय, नर. मालकाच्या जवारीवर लई पडायची. मी गोफण घेऊन राखण करायचो."

आम्ही ग्रंथालयातून पक्ष्यांचे पुस्तक काढले. हळद्याचे पंख काळे, चोच गुलाबीसर. तो फळे व किडे खातो आणि बहुधा झाडांच्या पानोऱ्यातच राहतो. करवंटीवरच्या पाखराची चोच जाड, दाणे फोडणारी होती. सुगरणीचा नर हा पिवळा रंग केवळ विणीच्या हंगामात धारण करतो. एरवी तो मादीसारखाच, चिमणीसारखा भुरका. म्हणजे ज्याला आम्ही अनोळखी पाहुणा म्हटले, तो बहुधा आधीपासून आमच्याच दारी जेवत होता.

सलीम अलींनी 1930 मध्ये अलिबागजवळच्या किहीम येथे या पाखरांचे घरटे बांधणे बारकाईने अभ्यासले. नर घरटे अर्धे विणून थांबतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडले तरच काम पुढे सरकते. आपण नाव मात्र स्त्रीलिंगी ठेवून बसलो आहोत. त्याच सलीम अलींनी बालपणी मुंबईत गळ्यावर पिवळा डाग असलेली एक चिमणी मारली आणि ती ओळखता येईना म्हणून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत नेली. तेथील सचिव मिलर्ड यांनी कपाटांतील नमुने काढून त्या मुलाला दाखविले.

आमच्याकडे कपाट नव्हते. पण ओळखणारा होता. "आठ दिवस का बोलला नाहीस?" आम्ही विचारले.

"तुम्ही लिव्हलं व्हतं ना, सर."

त्याच संध्याकाळी भित्तिपत्रकावरचा शब्द आम्ही खोडला, 'सुगरण' लिहिले आणि दुरुस्ती करणारा म्हणून खाली त्याचे नाव घातले. ते वाचायला तो दिवसभर तिकडे फिरकला नाही. मित्रांनी ओढत नेले.

दिवाळीनंतर करवंटीवर पुन्हा सारी भुरकीच पाखरे. त्यांत आपला कोणता, हे आम्हांला काही केल्या कळेना. तो शेजारी येऊन उभा राहिला.

"रंग नका बघू, सर. चोच बघा."