चिलीम आणि वेड

गांजेकस भ्रमिष्ट झाला म्हणजे आपण कारण शोधीतच नाहीं. चिलीम समोर असते. सरकारी दप्तरांतही हेंच चाले. १८९३ सालीं नेमलेल्या भांग-गांजा चौकशी कमिशननें वेड्यांच्या इस्पितळांतील आदल्या वर्षींचे दाखले तपासले, तेव्हां गांजा-भांगेच्या माथीं मारलेल्या २२२ रोग्यांपैकीं अवघे ९८ टिकले. पुष्कळदां विचारपूस न करतांच रकाना भरलेला होता.

म्हणून गांजा निर्दोष ठरत नाहीं. स्वीडनमध्यें सैन्यभरतीस आलेल्या तरुणांवर पंधरा वर्षें लक्ष ठेवलें, तेव्हां चरस-गांजाच्या अतिसेवकांत स्किझोफ्रेनिया अधिक आढळला. हें १९८७ सालीं प्रसिद्ध झालें. पण व्यसनानें मन बिघडतें, कीं बिघडूं लागलेलें मन व्यसनाकडे वळतें, याचा पुरता निवाडा अशा मोजणीनें होत नाहीं. मला भय वाटतें तें घाईनें भरलेल्या रकान्याचें. तो भरला कीं रोग्याला कोणी कांहीं विचारीत नाहीं.