घामाचा उन्हाळा

मी भुसावळचा. आमच्या गावी मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मी जपानमधील क्योतो शहरात राहत होतो. तेथील लोक ३५ अंशांना घाबरतात, हे पाहून मला हसू येई. माझी ही घमेंड २०१८ च्या जुलैमध्ये उतरली.

क्योतोच्या तीन बाजूंना डोंगर आहेत. त्यामुळे वारा कमी. जूनपासून जुलैच्या मध्यापर्यंत तेथे पावसाळा असतो. तो संपला की ऊन तापते, पण हवेतील दमटपणा तसाच राहतो. आता तुम्हीच सांगा, माठातले पाणी गार का होते? माठातून पाझरलेले पाणी वाळते आणि वाळताना उष्णता घेऊन जाते. आपला घामही हेच काम करतो. भुसावळच्या कोरड्या हवेत तो लगेच वाळतो. क्योतोत तो अंगावरून नुसता ओघळत राहतो. घाम भरपूर, गारवा मात्र नाही!

हे सारे मी स्वतः वर्गात शिकवले होते. तरीही १९ जुलैला भर दुपारी टोपी न घालता, पाणी न घेता मी सायकलवर निघालो. त्या दिवशी क्योतोत ३९.८ अंश तापमान होते. वाटेत डोके दुखू लागले, मळमळू लागले. कसाबसा परत फिरलो आणि शेजारच्या आजींच्या दारात मटकन बसलो.

आजींनी मला आत नेऊन आडवे केले. ओली फडकी मानेवर आणि काखेत ठेवली. जरा बरे वाटल्यावर त्यांनी मला गार 'मुगिचा' दिला. भाजलेले जव पाण्यात उकळून तो करतात. सोबत 'उमेबोशी' हे मिठात मुरवलेले आंबट फळ. घामाबरोबर अंगातले मीठही जाते ना! मग त्या रागावून म्हणाल्या, "सेन्सेई, मुलांना शिकवता तरी काय?" सेन्सेई म्हणजे गुरुजी. मी मान खाली घातली.

त्या आठवड्यात गिओन उत्सवातील फुलांच्या छत्र्यांची मिरवणूकही रद्द झाली. तिच्यात पुष्कळ मुले चालतात. एवढ्या उन्हात त्यांना चालवायचे नाही, असे ठरले.

त्यानंतर मी आजींचेच ऐकू लागलो. बाहेरची कामे सकाळी, दुपारी बांबूच्या पडद्याआड विश्रांती. संध्याकाळी आजी दारापुढच्या रस्त्यावर पाणी शिंपडत. आपण अंगणात सडा घालतो तसेच! मीही बादली घेऊन मदतीला जाई. मग आम्ही पायरीवर बसून किसलेला बर्फ सरबत घालून खात असू. झाडांवर रातकिड्यांसारखे किडे कर्कश ओरडत. आजींच्या छपराला काचेची एक छोटी घंटा टांगलेली होती. तिला 'फूरिन' म्हणतात. तिच्या लोलकाला कागदाची पट्टी असते. झुळूक आली की पट्टी हलते आणि घंटा किणकिणते. आम्ही बोलता बोलता थांबून तिची वाट पाहत असू.

निघताना आजींनी मला तशीच एक फूरिन दिली. घरी आल्यावर मी ती दाराला टांगली. पण भुसावळच्या मे महिन्यातल्या वाऱ्यात ती क्षणभरही गप्प बसेना. शेवटी अम्मीने तिची कागदाची पट्टी काढून ठेवली.